माझ्या तोंडी घातलेले चौऱ्याऐंशी

मी हवेतली ओल मोजणारा सेन्सर बोलतोय. विचारल्याशिवाय मी बोलत नाही, आणि विचारल्यावरही लगेच बोलत नाही. या दुसऱ्या सवयीपायी माझ्यावर आळशी, बिघडलेला आणि हलक्या मालातला असे तीन आरोप झाले. तिन्ही मी फेटाळतो. मी इथे माफी मागायला आलेलो नाही, हे सुरुवातीलाच समजून असा.

आकाराने मी मसुराच्या डाळीएवढा. पाठीवर एक बारीक भोक, आणि आत कागदाहून पातळ असा एक पापुद्रा. हवेतली ओल त्या पापुद्र्यात मुरते आणि मी ती मोजतो. जन्म झाला तो कुठल्याशा परदेशी कारखान्यात. तिथे धूळ औषधालाही नव्हती. तिथून फितीच्या रिळात भावंडांसोबत गुंडाळला जाऊन निघालो आणि चिकलठाण्याच्या औद्योगिक वसाहतीत एका दुमजली शेडच्या वरच्या मजल्यावर उतरलो. धुळीशी ओळख तिथे झाली. ती अजून टिकून आहे.

माझ्यासोबत एक चौदा पानी माहितीपत्रक येतं. सातव्या पानावरच्या तक्त्यात स्पष्ट लिहिलंय की हवेतली ओल मोजायला मला जास्तीत जास्त एकोणतीस मिलिसेकंद लागतात. मिलिसेकंद म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग. तुमची पापणी एकदा लवते तेवढ्यात मी तीन-चारदा मोजून मोकळा होईन. तरी मला आळशी म्हणतात! माणसं माहितीपत्रकाचं पहिलं पान वाचतात, कारण त्यावर चित्र असतं, आणि शेवटचं वाचतात, कारण ते वर येतं. सातव्या पानापर्यंत जायला संकट यावं लागतं.

आमच्यातलं बोलणं कसं चालतं तेही सांगतो. आम्हाला बसवलेल्या यंत्राच्या डब्यात एक कंट्रोलर असतो. तो आमचा कारभारी. त्याच्यापासून दोन तारा निघतात आणि त्या दोन तारांवर आम्ही तिघे बसलेलो असतो: आकडे दाखवणारा पडदा, जुनी उत्तरं जपून ठेवणारी मेमरी आणि मी. वाट एकच, म्हणून एका वेळी एकानेच बोलायचं, आणि तेही कारभाऱ्याने आपला नंबर पुकारल्यावर. जी शिस्त ग्रामसभेला अजून जमली नाही, ती आमच्या दोन तारांवर आहे. कारभाऱ्याने कुणाला केव्हा पुकारायचं, किती थांबायचं आणि उत्तर आलं नाही तर काय करायचं, हे ज्या मजकुरात लिहिलेलं असतं त्याला ड्रायव्हर म्हणतात. माझी सारी अब्रू त्या मजकुराच्या हातात.

तो मजकूर लिहिला स्वरदाने. मुकुंदवाडीहून रोज स्कूटीवर येणारी, चहा थंड झाल्यावरच पिणारी, सव्वीस वर्षांची हुशार मुलगी. पण हुशार माणसांना एक खोड असते. केलेलं काम पुन्हा करायचा त्यांना कंटाळा येतो. आधीच्या एका सेन्सरसाठी लिहिलेला ड्रायव्हर तिच्याकडे तयार होता. तोच तिने माझ्या अंगावर चढवला. नंबर बदलला, नाव बदललं, थांबायचा वेळ मात्र त्या आधीच्याचाच राहिला, दहा मिलिसेकंद. थोरल्याचा सदरा धाकट्याला, अशातला प्रकार. फरक इतकाच की इथे धाकटा अंगाने मोठा होता.

तरी टेबलावर सगळं सुरळीत चाललं. का, ते ऐका. काम नीट होतंय की नाही हे पाहायला स्वरदाने ड्रायव्हरच्या मधोमध एक ओळ टाकली होती: ‘सेन्सरला विचारले आहे, उत्तराची वाट पाहत आहे.’ मला प्रश्न टाकला की कंट्रोलर ही ओळ एकेक अक्षर करून लॅपटॉपकडे धाडायचा आणि मग उत्तर घ्यायला माझ्याकडे वळायचा. ओळ जायला पन्नासेक मिलिसेकंद लागत. तेवढ्यात माझं मोजून व्हायचं, मी उत्तर हातात घेऊन उभा. माझी सवड त्या ओळीच्या मेहेरबानीवर आहे, हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

माझी परीक्षा बिस्किटाच्या डब्यात झाली. पोटॅशच्या क्षाराचा ओला लगदा बंद डब्यात ठेवला की आतली हवा चौऱ्याऐंशी टक्के ओलीवर येऊन थांबते. हा निसर्गाचा नियम आहे, तो बदलीवर जात नाही. आठ दिवस मी त्या डब्यात बसून चौऱ्याऐंशी सांगितलं आणि आठही दिवस खरं सांगितलं. शेवटचं उत्तर मेमरीने जपून ठेवलं. मेमरीत उत्तर लिहिलं जायचं ते फक्त अशा डब्यातल्या परीक्षेत.

नवव्या दिवशी मालक मधुसूदन सर आले. शर्टाच्या खिशात तीन पेनं, त्यातलं एकही चालत नाही.

“स्वरदा, माल बाहेर जायच्या आधी हा पाचोळा काढ बरं. आपल्या चाचणीच्या ओळी गिऱ्हाइकाच्या डब्यात कशाला?”

“काढते सर. दोन मिनिटांचं काम.”

सरांचं चुकलं असं नाही. ओळी काढायचाच रिवाज आहे. स्वरदाने ओळ पुसली आणि माझे दिवस फिरले. आता कंट्रोलर प्रश्न टाकायचा, दहा मिलिसेकंद थांबायचा आणि लगेच हात पुढे, “उत्तर?” मी मोजण्यात गढलेला. मी स्वच्छ नकार द्यायचो. आमच्याकडे नकार साधा असतो. आपला नंबर पुकारला तरी तार ओढायची नाही, गप्प राहायचं. त्या गप्प राहण्याचा अर्थ कारभाऱ्याला नेमका कळतो: अजून झालं नाही, थांबा.

पण ड्रायव्हरमध्ये एक कलम होतं. सेन्सर नकार देईल तर मेमरीतलं शेवटचं उत्तर काढावं आणि पडद्यावर दाखवावं. सरकारी उत्तरासारखंच, मागच्या पत्राची नक्कल काढायची आणि तारीख आजची टाकायची. मी ‘थांबा’ म्हणायचो आणि पडद्यावर माझ्या नावाने चौऱ्याऐंशी उमटायचं. स्वरदाने ओळ पुसल्यावर पुन्हा तपासलं नाही असंही नाही. तपासलं, पण त्याच बिस्किटाच्या डब्यात. तिथे हवाही चौऱ्याऐंशीच. खरं आणि खोटं एकाच आकड्यावर येऊन बसलं तर पकडणार कोण?

माझी रवानगी झाली पैठणच्या अलीकडच्या एका शिवारात, चतुराबाईंच्या चॉकी सेंटरवर. रेशमाच्या अळ्या अंड्यातून निघतात तेव्हा मुंगीहून बारीक असतात. पहिला आठवडाभर त्यांना कोवळा तुतीपाला चिरून घालायचा, दोनदा कात टाकेपर्यंत सांभाळायचं आणि मग शेतकऱ्यांच्या हवाली करायचं, हे त्या सेंटरचं काम. तीन गावांतले चाळीस शेतकरी चतुराबाईंकडून अळ्या नेत. अळ्यांना हवा ओली लागते. ऐंशीच्या खाली गेली तर चिरलेला पाला ताटातच सुकतो आणि पोरं उपाशी राहतात. फार ओली झाली तर बुरशी येते.

इतकी वर्षं चतुराबाई हे हातावर करत होत्या. भिंतीला ओली पोती, खाली ओली वाळू आणि वर स्वतःचा अंदाज. डबा बसवायला आलेल्या माणसाने पोती काढायला लावली.

“आता हे सगळं नको बाई. हवा कोरडी झाली की डबा आपोआप फॉगर सुरू करेल, धुकं सोडेल. तुम्ही फक्त आकडा बघायचा.”

“आकडा चुकला तर?”

“यंत्र आहे बाई, माणूस नाही.”

हे वाक्य मी भिंतीवर टांगलेला ऐकत होतो. मला कान नाहीत, पण हवेतून येणारं सगळं मला कळतं, आणि माणसांचं बोलणं बहुतेक हवाच असतं.

फेब्रुवारी सरत होता. बाहेरची हवा दुपारी भाजून काढायची. खोलीतली ओल पंचवीसवर आली, फॉगर काही सुरू होईना. कसा होणार? पडदा म्हणत होता चौऱ्याऐंशी. दुपारी चौऱ्याऐंशी, पहाटे चौऱ्याऐंशी. आपल्याकडे चौऱ्याऐंशीचा फेरा चुकत नाही म्हणतात, त्याचा अनुभव घेतला. चतुराबाईंचे यजमान पुंजाराम पडद्याकडे पाहून खूश होते. “काय इमानदार डबा हाय! जरा बी हलत नाय.” हलत नाही म्हणून इमानदार! खोट्याची पहिली खूण हीच असते, हे एवढ्या मोठ्या संसारी माणसाला कळू नये?

ती खेप गेली. काही अळ्या मेल्या, उरलेल्या लहान-मोठ्या झाल्या. शेजारच्या गावचे कडुबा अळ्या न्यायला आले आणि ताट उजेडात धरून म्हणाले, “बाई, एका ताटातल्या अळ्या हायत अन् सासरा-जावई दिसायल्यात. ह्या खेपंला नेतो. फुडच्या खेपंला असंच झालं तर आमी समदे दुसरीकडून आणू. राग मानू नका.”

चतुराबाईंनी राग मानला नाही. त्यांनी ताटं धुवून उन्हात घातली आणि चिकलठाण्याला फोन लावला. चाळीस शेतकरी गेले म्हणजे सेंटर गेलं, हे सांगायला त्यांना कुणाची गरज नव्हती.

मला डब्यासकट काढून कंपनीत नेलं. मधुसूदन सरांनी मला दोन बोटांत धरलं आणि निकाल दिला, “हलका लॉट आलाय.” माझ्या चौदा पिढ्यांत कुणी असं ऐकून घेतलं नसेल. स्वरदाने डबा टेबलावर मांडला आणि काय बिघडलंय ते दिसावं म्हणून ती पुसलेली ओळ परत टाकली.

मी चोख चाललो. फुंकर घातली, आकडा चढला. पंख्याखाली धरलं, उतरला. बिस्किटाच्या डब्यात घातलं, चौऱ्याऐंशी. कचेरीतली माणसंही साहेब खुर्चीत असला की अशीच चोख चालतात. पण त्यांचा तो स्वभाव असतो, माझा नाइलाज होता. स्वरदाने ओळ पुन्हा पुसली, डब्यावर ‘बिघाड आढळला नाही’ अशी चिठ्ठी चिकटवली आणि मला परत पाठवलं. मी ओरडून सांगितलं असतं, पण पुकारल्याशिवाय बोलायचं नाही, आणि पुकारून थांबणारं कुणी नाही.

मार्चच्या मध्याला दुसरी खेप सुरू झाली. अळ्या निघाल्या, पाला पडला. दुसऱ्या दिवशी दुपारी चतुराबाईंनी ताटातला पाला चिमटीत धरला. तो मोडला.

“अहो, पोती भिजवा.”

पुंजाराम म्हणाले, “डबा तर चौऱ्याऐंशी म्हणतोय. इचार आधी.”

चतुराबाईंनी सरांना फोन लावला. सर म्हणाले, “चिठ्ठी वाचली ना? तपासून पाठवलंय. चौऱ्याऐंशीवर तुम्ही आणखी पोती ओली कराल तर बुरशी येईल. मग आम्हाला बोलू नका.”

हेही खरंच होतं. डबा खरा असेल आणि पोती भिजवली, तर अळ्या बुरशीने जाणार. डबा खोटा असेल आणि भिजवली नाहीत, तर उपाशी जाणार. खोलीच्या मधोमध उभी राहून ती बाई एकदा माझ्याकडे आणि एकदा ताटांकडे पाहत होती. मी तिच्यापासून दोन हातांवर. खोलीत अठ्ठावीस टक्के ओल आहे हे मला पक्कं माहीत, आणि माझ्या नावाने वर चौऱ्याऐंशी झळकतंय. तुमच्या तोंडी कुणी खोटी साक्ष घातली आहे कधी? घातली असेल तर मला काय वाटलं ते सांगायला नको.

चतुराबाई स्वयंपाकघरात गेल्या आणि उडदाचा भाजलेला पापड घेऊन आल्या. माझ्या शेजारच्या फळीवर सुपलीत तो ठेवला आणि पाला चिरायला बसल्या. तासाभराने उठल्या. पापड उचलला, बोटांनी दाबला आणि थेट स्वरदाला फोन लावला. तिचा नंबर त्यांनी डब्याच्या चिठ्ठीवरूनच घेतला होता.

“ताई, चतुराबाई बोलायले, रेशीमवाल्या. पावसाळ्यात पापड उघडा ठिवल्यावर काय व्हतं?”

“सादळतो. का हो मावशी?”

“हे ऐका.”

त्यांनी फोन जवळ धरला आणि पापड मोडला. कडाड असा आवाज झाला.

“तासभर झालं ह्या डब्याजवळ ठिवलाय. ह्यो म्हणतोय चौऱ्याऐंशी, अन् माझे तर व्हट फुटलेत. आता तुमीच सांगा, पापड खोटा का डबा?”

पलीकडून स्वरदा म्हणाली, “पोती भिजवा मावशी. आत्ता. मी सकाळच्या पहिल्या एसटीने येते.”

आली. लॅपटॉप, केबल आणि डोळ्यांखाली काळं घेऊन आली. पोत्यांनी ओल बावन्नपर्यंत ओढली होती, पुढे काही जाईना. स्वरदाने केबल जोडली आणि ती ओळ टाकली. पडद्यावर बावन्न आलं. ओळ पुसली, चौऱ्याऐंशी. टाकली, बावन्न. पुसली, चौऱ्याऐंशी. चौथ्या वेळी तिचे हात थांबले. तिने माझं माहितीपत्रक उघडलं आणि सातव्या पानावर गेली. मी दीड महिना ज्या पानाची वाट पाहिली ते पान.

“एकोणतीस,” ती हळूच म्हणाली. “आणि मी दहा दिलेत.”

“काय झालं ताई?”

“मावशी, सेन्सर चांगला आहे. चूक माझी आहे. मी त्याला विचारायची आणि तो सांगायच्या आधी मेमरीतलं जुनंच उत्तर दाखवायची.”

चतुराबाईंनी पाला चिरता चिरता मान हलवली. “मंजी सुनंला इचारायचं, अन् तिनं तोंड उघडायच्या आत सासूनंच सांगायचं, तसं?”

“हो. अगदी तसंच.”

“मंग वळखीचं हाय मला.”

स्वरदाने सरांना फोन लावला आणि सगळं सांगितलं. सरांना लगेच तोडगा सुचला. “ओळ टाकली की चालतंय ना? मग ती ओळ राहू दे तशीच, आणि ये निघून.”

आपल्याकडे निम्मा कारभार असाच चालतो. का चालतंय ते विचारायचं नाही, चालतंय तोवर हात लावायचा नाही. मला वाटलं, ही मुलगी मान डोलावणार.

“नाही सर. ती ओळ म्हणजे थांबणं नाही, योगायोग आहे. उद्या कुणीतरी पाचोळा म्हणून काढेल, आणि पुन्हा अळ्या मरतील. मी नीट थांबायला लिहिते. आणि एवढं करूनही त्याने नकार दिला, तर जुना आकडा दाखवायचा नाही. नुसत्या दोन रेघा.”

“रेघा? गिऱ्हाइकाला रेघा दाखवायच्या? आपलं यंत्र बंद पडल्यासारखं दिसेल!”

“बंद पडलं तर बंद दिसायला नको का सर?”

चतुराबाईंनी हात पदराला पुसला आणि फोन मागून घेतला. “साहेब, म्या चतुराबाई. मला रेघा चालत्यात. रेघा दिसल्या तर म्या पोती भिजवीन, पाला बघीन, माझं डोकं चालवीन. खोट्या आकड्यानं माझं डोकं बंद पाडलं. त्यानं अळ्या मेल्या. रामराम.” आणि फोन ठेवला.

दुपार व्हायच्या आत ड्रायव्हर नवा झाला. आता कंट्रोलर प्रश्न टाकतो आणि चाळीस मिलिसेकंद थांबतो. एकोणतीस माझे हक्काचे, वर अकरा सवडीचे. पहिल्यांदा माझा नंबर पुकारला गेला, मी मोजलं, आणि कुणी घाई केली नाही. मी म्हणालो, बावन्न. माझं स्वतःचं बावन्न! फॉगर घरघरला, धुकं सुटलं. एकसष्ट. सत्तर. ऐंशीला पोचलो तेव्हा स्वरदाचा चहा केव्हाच थंड झाला होता, आणि ती तो प्यायची विसरली होती.

पाच दिवसांनी अळ्या दुसऱ्यांदा कात टाकून उठल्या आणि शेतकरी ताटं न्यायला आले. कडुबांनी ताट उजेडात धरलं. खोट काढायला आलेला माणूस जेवढा वेळ पाहतो तेवढा वेळ पाहिलं. दुसरं ताट पाहिलं, तिसरं पाहिलं. शेवटी म्हणाले, “सारख्या हायत.” एवढंच. पण जाताना पुढच्या खेपेसाठी नाव लिहून गेले, आणि त्यांच्या मागे बाकीच्यांनीही लिहिली.

अजून मी त्याच भिंतीवर आहे. पाठीवरच्या भोकाभोवती तुतीच्या पाल्याची धूळ बसली आहे, शेजारून पाल फिरते, तिची माझी बोलाचाल नाही. मिनिटाला एकदा मला विचारतात, मी सांगतो. मधुसूदन सरांनी नवं पत्रक छापलं आहे. त्यात ठळक अक्षरांत लिहिलंय, ‘खोटा आकडा कधीही न दाखवणारे एकमेव यंत्र’. दोन रेघा ही त्यांचीच कल्पना होती, असं ते गिऱ्हाइकांना सांगतात. सांगोत बापडे.

तुम्हाला मात्र एक सांगून ठेवतो, विनंती समजा की ताकीद, ते तुमचं तुम्ही ठरवा. मला विचारायचं असेल तर विचारा, पण मग थांबा. तुमच्या घाईसाठी मी अर्धवट मोजणार नाही. एक दिवस माझा पापुद्रा थकेल किंवा एखादी तार सुटेल. माझा नंबर पुकारला जाईल आणि मी गप्प राहीन. पडद्यावर दोन रेघा उमटतील. तो माझा शेवटचा शब्द असेल, आणि तोही खरा असेल. त्याच्यावर जुनं उत्तर चिकटवू नका. पोती भिजवा.